मॉरिशसला निघताना

कोकणातला माणूस किनाऱ्यावर जाण्याआधी तिथी बघतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ हाती येते: चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. मॉरिशसला जाताना हे गणित घरी ठेवलं तरी चालतं, कारण तिथे हाच फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. सकाळी टॉवेल जिथे अंथरला, तिथून संध्याकाळीही पाणी जवळपास तेवढ्याच अंतरावर असतं.

तरीही त्या शांत, हिरव्या-निळ्या पाण्यात ओढ असते, आणि ती कशी तयार होते हे कळल्यापासून मला सुट्टीची सगळी तयारीच वेगळी दिसू लागली. बेटाभोवती जवळजवळ पूर्ण फेर धरून प्रवाळाची भिंत उभी आहे. मोकळ्या हिंदी महासागराची लाट दूर त्या भिंतीवर फुटते. किनाऱ्यावरून पाहिलं तर क्षितिजाजवळ फेसाची पांढरी रेघ दिसते, तीच ही भिंत. फुटलेल्या लाटेचं पाणी भिंतीवरून आत, म्हणजे भिंत आणि किनारा यांच्यामधल्या लगूनमध्ये येऊन पडतं आणि लाटांमागून लाटा येतच राहतात. आत साठलेल्या या पाण्याला परत जायला वाट मात्र ठरावीक, भिंतीतल्या खिंडींमधून. म्हणून लगूनमध्ये लहान मूल कमरेएवढ्या पाण्यात आरामात खेळतं आणि त्याच लगूनच्या खिंडीपाशी तरबेज पोहणाराही बाहेर ओढला जाऊ शकतो.

या खिंडी बहुधा नदीच्या मुखासमोर असतात. प्रवाळाला गोडं आणि गढूळ पाणी सोसत नाही, त्यामुळे नदी जिथे समुद्राला मिळते तिथे भिंत वाढतच नाही. हॉटेल ठरवताना खोल्यांचे फोटो नंतर बघा, आधी उपग्रहाचा नकाशा उघडा. फेसाची पांढरी रेघ कुठे तुटते आणि तिथून गडद निळा पट्टा किनाऱ्याच्या दिशेने कसा आत येतो, हे त्यात स्पष्ट दिसतं. पोहायचं ते त्या पट्ट्यापासून लांब. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री नावाची जागा आहे. तिथे भिंतच नाही, दक्षिण महासागरातून निघालेल्या लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. ते दृश्य बघायला जरूर जावं, पाण्यात उतरू नये.

मग प्रश्न येतो महिन्याचा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. मध्ये सुमारे ४,७०० किलोमीटरचं अंतर, पण अक्षांशांच्या हिशेबाने दोघं जवळजवळ आरशातली प्रतिबिंबं. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथे हिवाळ्याची सुरुवात. जूनमध्ये पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी जेवून, झोप काढून मग समुद्रावर जाऊ, हा आपला क्रम तिथे चालत नाही. सकाळी लवकर बाहेर पडायचं. ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. लहान मुलं त्यात अर्ध्या तासात कुडकुडतात, म्हणून त्यांच्यासाठी लांब बाह्यांचा जाडसर पोहण्याचा पोशाख न्यावा.

हिवाळ्यात आग्नेयेचे व्यापारी वारे जोर धरतात. पूर्वेचा बेल मारचा किनारा दिसायला अप्रतिम आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे वारा दिवसभर छत्र्या उलथवत असतो. त्याच दिवशी, तासा-दीड तासाच्या अंतरावर, पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकला पाणी संथ असतं, कारण मधल्या पठाराने आणि डोंगरांनी वारा अडवलेला असतो. आपल्याकडे सह्याद्रीचे घाट पाऊस अडवून कोकणावर ओततात, त्यातलाच हा प्रकार. मे ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी पश्चिम किंवा वायव्य किनारा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पूर्वही सुखाची होते. नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने चक्रीवादळांचे असले तरी दरवर्षी वादळ येऊन धडकतंच असं नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या होत्या. या महिन्यांत जाणार असाल तर उशीर आणि रद्द उड्डाण भरून देणारा प्रवास विमा घ्या आणि तिथल्या हवामान खात्याचे क्रमांकवार इशारे रोज बघा.

सूर्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नोव्हेंबरच्या अखेरीला आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तिथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, स्वतःची सावली पायाखाली जाते. अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे जातो. सावळ्या त्वचेला ऊन लागत नाही हा समज घेऊन गेलेली माणसं दुसऱ्या रात्री कुशीवर झोपतात. स्नॉर्कलिंग करताना तर आपण पालथे तरंगत असतो, पाणी गार लागतं आणि भाजतंय हे कळतच नाही. मान, पाठ आणि गुडघ्याच्या मागची लव, या तीन जागा हमखास करपतात. क्रीम लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख उत्तम. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात, ते पाण्यात नकोत. उरलेल्या उघड्या त्वचेला झिंक ऑक्साइडचं क्रीम लावावं. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला अपायकारक ठरू शकतात म्हणून हवाईने २०२१ पासून ती असलेल्या क्रीमची विक्री बंद केली.

स्नॉर्कलिंगचा सराव इथल्याच तलावात करून जावं. नळीतून तोंडाने श्वास घेणं ऐकायला सोपं असतं, पाण्यात चेहरा घातल्यावर मात्र छाती घाबरते. चष्मा असेल तर नंबराचा मास्क मिळतो. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी मास्क नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं, हेही आधीच तपासता येतं.

जाड रबरी तळाचे बूट तर हवेतच. उथळ पाण्यात समुद्री साळू असतात आणि क्वचित स्टोनफिश. हा मासा शेवाळलेल्या दगडासारखाच दिसतो, पाठीवर विषारी काटे असतात. काटा रुतलाच तर पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. त्याचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते निकामी होत जातं.

आणि ती वाळू! बेट सगळं काळ्या बेसाल्टचं, वाळू मात्र पांढरी. कारण ती दगडाची नाहीच, ती प्रवाळाची आणि शिंपल्यांची आहे. पॅरटफिश आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, खाण्याजोगं तेवढं पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळू करून मागे टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. पाण्याखाली कान दिले तर हे कुरतडणं ऐकूही येतं.

त्या काळ्या दगडाशी तर आपलं नातंच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानावरून भारत सरकत होता, तिथूनच दख्खनचा लाव्हा उसळला असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेला निघून गेला, ते स्थान मागे धगधगत राहिलं, आणि ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्यातूनच मॉरिशस वर आलं. आज ते तप्त स्थान मॉरिशसच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर, रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी जिवंत आहे. २०१३ मध्ये तर मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ६६ कोटी ते जवळजवळ २०० कोटी वर्षं वयाचे झिरकॉनचे कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. बेटाहून कितीतरी पट जुने! भारत आणि मादागास्कर यांच्यामधला एक हरवलेला भूखंड बेटाखाली गाडला गेला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. वाळू पायाखाली घ्यायची असते ती हे ठाऊक असताना. प्रवाळ आणि शंखशिंपले मात्र तिथेच राहू द्यायचे, ते बॅगेत भरून आणू नयेत.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सोपं आहे. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि प्रवासाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. फळं, बिया, रोपं नेऊ नका. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश धर्तीचा, तेव्हा अडॅप्टर हवा. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, घड्याळ दीड तास मागे करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण बाजारात आणि बसमध्ये मॉरिशसचे रुपये सुटे जवळ असलेले बरे.

ऑगस्ट-सप्टेंबरात जायचं असेल तर गणेश चतुर्थीची तारीख बघून आरक्षण करा. गिरमिटाच्या, म्हणजे कराराने मजूर नेण्याच्या, काळात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती नदीत किंवा समुद्रात विसर्जित होतात. सुट्टीमुळे बँका आणि बरीच दुकानं बंद असतील, तेव्हा पैसे आणि पाणी आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि मिरवणुकीची वाट हॉटेलवाल्यांना विचारून घ्या.