दहा लाख मोहरा आणि पहिला संघ

सोन्याच्या दहा लाख मोहरा हातात ठेवून कुणी सांगितलं की यातून फुटबॉलचा संघ उभा कर, निदान अकरा आणि जास्तीत जास्त सोळा गडी, तर सुरुवात कुठून कराल? आणि गडी म्हणजे माणसंच असंही नाही. हिरव्या कातडीचे धिप्पाड ऑर्क आहेत, बुटके दाढीवाले ड्वार्फ आहेत, टोकदार कानांचे एल्फ आहेत, दोन पायांवर धावणारे उंदीर आहेत, कबरीतून उठून आलेली प्रेतंही आहेत. ‘ब्लड बोल’ या पटावरच्या खेळात प्रत्येकाची सुरुवात इथूनच होते. (खेळायला बसतो त्याला इथे ‘कोच’ म्हणतात, खेळाडू म्हणजे पटावरचे पुतळे.) आणि बरेचसे नवे कोच इथेच फसतात, कारण ते खोक्यावरचं चित्र बघून संघ निवडतात.

खेळ इंग्लंडचा. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८६ मध्ये काढला, कर्ता जर्व्हिस जॉन्सन. १९८२ पासून ब्रिटनच्या चॅनल फोरवर अमेरिकन फुटबॉल दिसू लागला होता आणि तिथल्या तरुणांना त्याचं वेड लागलं होतं. कंपनीकडे वॉरहॅमर नावाची राक्षस-चेटक्यांची एक दुनिया आधीच तयार होती. जॉन्सनने दोन्ही एकत्र केले आणि वर चांगला ब्रिटिश वात्रटपणा पेरला. या दुनियेत फुटबॉलचा एक देवही आहे, नफल नावाचा. अमेरिकेच्या एनएफएलवरून बेतलेला. फासा वाईट पडला की जगभरचे कोच आजही नफलच्या नावाने खडे फोडतात. मधली काही वर्षं कंपनीने खेळाकडे जवळजवळ पाठच फिरवली होती. तेव्हा चाहत्यांनीच स्पर्धा भरवून तो जिवंत ठेवला. २०१६ मध्ये तो पुन्हा दिमाखात बाजारात आला आणि २०२० मध्ये नियम नव्याने लिहिले गेले. पुढचे आकडे त्या २०२० च्या नियमपुस्तकातले आहेत. आवृत्तीगणिक किमती आणि कौशल्यं थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा संघ मांडण्याआधी आपल्याकडच्या पुस्तकाशी ते ताडून घ्यावेत.

पट २६ घरं लांब आणि १५ घरं रुंद. सामना दोन सत्रांचा, आणि प्रत्येक सत्रात दोन्ही कोचना आठ-आठ पाळ्या. चेंडू घेऊन समोरच्याच्या शेवटच्या ओळीत पोहोचलात की टचडाउन. इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. आपल्या पाळीत अकराही खेळाडू हलवता येतात, पण त्यातला एखादा फटका मारताना स्वतःच आडवा झाला किंवा त्याच्या हातून चेंडू निसटला, की पाळी जागच्या जागी संपते. उरलेले सगळे आहेत तिथे बघत उभे. याला म्हणतात टर्नओव्हर. म्हणजे डोकं बुद्धिबळाचं लागतं, पण प्रत्येक चालीची परवानगी सारीपाटाच्या फाशांकडून घ्यावी लागते. नवख्याचे सामने समोरच्याच्या हुशारीमुळे कमी आणि या एका नियमामुळे जास्त हरले जातात. म्हणून पहिला संघ निवडताना तो किती बलवान आहे हे नंतर बघावं. आधी बघावं की माझ्या चुका तो किती पोटात घालतो.

यासाठी थोडं गणित करावंच लागेल. ब्लॉक म्हणजे शेजारच्या घरातल्या प्रतिस्पर्ध्याला मारलेली धडक. तिचा वेगळा फासा असतो. त्याच्या सहा बाजूंपैकी एकीवर मारणारा पडतो, एकीवर दोघेही पडतात, उरलेल्या चारांवर समोरचा मागे रेटला जातो किंवा आडवा होतो. आपली ताकद जास्त असेल, किंवा शेजारी उभ्या सवंगड्यांची मदत असेल, तर दोन फासे मिळतात आणि त्यातला हवा तो निवडता येतो. ‘ब्लॉक’ याच नावाचं एक कौशल्यही आहे. ते असलं की ‘दोघेही पडले’ या बाजूवर आपला गडी उभा राहतो. आता समजा एका पाळीत दोन-दोन फाशांच्या चार धडका मारायच्या आहेत. कौशल्य नसेल तर त्यात कुठेतरी घसरण्याची शक्यता शेकडा ३८ आहे. कौशल्य असेल तर शेकडा ११. दोन कोच सारखेच कच्चे असले, तरी एकाची पाळी पुरी होते आणि दुसऱ्याची अर्ध्यात कापली जाते, ती या फरकाने.

दुसरं गणित चिलखताचं. गडी पडला की प्रतिस्पर्धी दोन साधे फासे टाकतो. ऑर्काचं चिलखत फोडायला बेरीज १० किंवा जास्त यावी लागते, माणसाचं ९ ला फुटतं, वनवासी एल्फांचं ८ ला. फुटलं तर पुन्हा दोन फासे, आणि तिथे १० किंवा जास्त आले तर गडी जखमी होऊन सामन्याबाहेर. हे सगळं गुणून पाहिलं, तर साधा ऑर्क छत्तीस वेळा पडतो तेव्हा एकदा बाहेर जातो. माणूस साधारण बावीस वेळांत एकदा. एल्फ चौदा वेळांत एकदा. आणि बाहेर गेलेल्याच्या जखमेसाठी सोळा बाजूंचा फासा पडतो, त्यावर १५ किंवा १६ आले की तो मेला. हंगामभर जपलेला, नाव ठेवलेला, रंगवलेला गडी कायमचा गेला. (औषधोपचाराला वैद्य ठेवता येतो. किंमत पन्नास हजार. तो एका सामन्यात एकदाच उपयोगी पडतो.)

एवढं समजलं की ऑर्कांचा संघ नवख्यांच्या गळ्यात का घालतात ते कळतं. चार ब्लिट्झर, प्रत्येकी ८० हजार, चौघांकडेही ब्लॉक कौशल्य. चार ‘बिग अन’, प्रत्येकी ९० हजार, त्यांची ताकद इतरांसारखी ३ नसून ४, म्हणजे साध्या गड्यावर कुणाच्या मदतीवाचून दोन फासे. यातच ६ लाख ८० हजार गेले. उरलेल्यात चेंडू सांभाळायला एक थ्रोअर ६५ हजारांत, दोन साधे ऑर्क एक लाखात आणि दोन रीरोल १ लाख २० हजारांत. वर ३५ हजार उरतात, त्यातून थोडे हौशी पाठीराखे जोडावेत. रीरोल म्हणजे बिघडलेला फासा पुन्हा टाकण्याची मुभा. यात काटकसर करू नये, कारण हंगाम सुरू झाल्यावर तोच रीरोल दुप्पट किमतीला पडतो. या संघाचा एक दोष मात्र आहे: तो सुस्त आहे. साधा ऑर्क पाळीला पाच घरं चालतो, चेंडू सुटला की धावून गाठणं त्याच्या जिवावर येतं. पण सुस्ती नवख्याच्या पथ्यावरच पडते. चेंडूवाल्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक दांडगा उभा करायचा आणि तो पिंजरा पाळीमागून पाळी दोन-तीन घरं पुढे सरकवायचा. दोन सामन्यांत हे अंगवळणी पडतं, आणि या खेळाचा निम्मा डावपेच तोच आहे.

अनुभवी मंडळी मात्र बरेचदा माणसांचा संघ सुचवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. या संघात सगळं थोडं थोडं आहे: सात घरं धावणारे आणि ब्लॉक जाणणारे ब्लिट्झर, पास टाकणारा थ्रोअर, आठ घरं पळणारे आणि निसटण्यात तरबेज कॅचर. ८५ हजारांचे चार ब्लिट्झर, ८० हजारांचा एक थ्रोअर, ६५ हजारांचे दोन कॅचर, ५० हजारांचे पाच साधे गडी, ५० हजारांचे तीन रीरोल आणि वैद्य. बेरीज बरोबर दहा लाख. कागदावर याच्याइतका नेटका संघ दुसरा नाही. खेळाचा प्रत्येक भाग शिकवतो हेही खरं. पण तो काहीच पोटात घालत नाही. कॅचरची ताकद अवघी २, त्याला उघड्यावर सोडला की समोरचा त्याला चिरडतो. फेकता येतं म्हणून नवखा पास फेकत सुटतो, आणि प्रत्येक पास म्हणजे एक फासा फेकायला, दुसरा झेलायला. माझ्या मते माणसं हा उत्तम दुसरा संघ आहे.

ड्वार्फांबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. नवख्यासाठी सर्वांत सुरक्षित संघ विचाराल तर तो हाच: बहुतेक सगळ्यांकडे ब्लॉक, चिलखत ऑर्कांइतकंच जाड, आणि बहुसंख्य गड्यांकडे ‘टॅकल’, ज्यामुळे समोरच्याला सहज निसटता येत नाही. पहिल्या काही सामन्यांत तुम्ही यांच्या जिवावर सहज जिंकाल. पण यांचा साधा गडी पाळीला चार घरं चालतो. सामना म्हणजे एक लांब, संथ रेटारेटी होते, आणि चेंडू कसा खेळवावा हे तुम्ही शिकतच नाही. समोरच्या कोचला त्यात किती मजा येते तो प्रश्न वेगळाच. दोन मित्रांचा खेळ असेल आणि तो टिकावा असं वाटत असेल, तर एकाने ऑर्क आणि दुसऱ्याने माणसं घ्यावीत. २०१६ च्या खोक्यात कंपनीने हीच जोडी दिली होती, आणि ती उगाच नव्हती.

आता सापळा. २०२० च्या नियमपुस्तकात संघांच्या तीन श्रेण्या दिल्या आहेत. पहिल्या श्रेणीत वनवासी एल्फ दिसतात, आणि नवखा लगेच हिशोब करतो: पहिली श्रेणी म्हणजे चांगला संघ, चांगला संघ म्हणजे सोपा संघ. श्रेणी संघाचा जोर सांगते, नवख्याला तो किती झेपेल हे सांगत नाही. एल्फांची नजाकत भुरळ घालणारी आहेच. प्रतिस्पर्ध्याच्या तावडीतून निसटायला त्यांना सहा बाजूंच्या फाशावर २ किंवा जास्त पुरतं, ऑर्काला ३ लागतात, बहुतेक ड्वार्फांना ४. वाटतं, २ तर येणारच! पण एका पाळीत तीन साध्या एल्फांना असं निसटायचं असेल, तर तिघेही सुखरूप जाण्याची शक्यता शेकडा ५८ च आहे. जाणता कोच असे प्रसंग येऊच देत नाही. नवखा दर पाळीला आणतो. त्यात साध्या एल्फाची किंमत ७० हजार, त्यामुळे राखीव गडी मोजकेच, आणि चिलखत पातळ. दुसऱ्या सत्रात सात एल्फ अकरा ऑर्कांसमोर उभे असतात तेव्हा नजाकतीचा फार उपयोग होत नाही. उंदरांचा स्केव्हन संघही याच जातकुळीचा.

केऑसचे शिंगवाले योद्धे दिसायला सर्वांत भयंकर. पण सुरुवातीला ब्लॉक कुणाकडेच नाही, ते कमावेपर्यंत अर्धा हंगाम जातो. तेही नंतरसाठी ठेवावेत.

हाफलिंग आणि गॉब्लिन यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. दोघेही तिसऱ्या श्रेणीतले, म्हणजे हरण्यासाठीच घडवलेले. हाफलिंगाची ताकद २, चिलखत ७ ला फुटतं, किंमत ३० हजार. मदतीला प्रचंड चालती झाडं, ताकद ६, आणि ती आपल्याच सवंगड्यांना उचलून शेवटच्या ओळीकडे फेकतात. त्यांना एक लाखात एक खास आचारी मिळतो. तो प्रत्येक सत्राआधी तीन फासे टाकतो आणि ४ किंवा जास्त आलेल्या प्रत्येक फाशामागे समोरच्या संघाचा एक रीरोल पळवतो. गॉब्लिनांकडे करवती आहेत, बॉम्ब आहेत, साखळीला लोखंडी गोळा बांधून गरगर फिरणारा एक वेडा आहे. मुलांना हे भलतंच आवडतं, आणि हरण्याचं दुःख नसेल तर यांच्याइतका धमाल संघ नाही. पण कुणी ‘हा तर गमतीचा संघ आहे, नव्या मुलाला देऊ’ म्हणाला तर त्याला थांबवा. नव्या मुलाला गंमत हवी असतेच, आणि कधीतरी एक टचडाउनही हवा असतो.

संघ कुठलाही घेतलात तरी पहिल्या सामन्यापासून एक शिस्त पाळा. पाळी आली की ज्या हालचालींना फासा लागतच नाही त्या आधी उरकाव्यात, पडलेले उभे करावेत, मग दोन फाशांच्या धडका, त्यातही आधी ब्लॉकवाल्यांच्या. चेंडू उचलणं, निसटणं, फेकणं ही जोखमीची कामं शेवटी. म्हणजे टर्नओव्हर झालाच, तर गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. चेंडू हाताशी येताच उचलायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, तेव्हा हे लिहून समोर ठेवलं तरी चालेल.

आणि पुतळे विकत घेण्याची घाई करू नका. ते सुटे करून, चिकटवून, रंगवायचे असतात, आणि त्यात सुट्टीचे दिवस भराभर जातात. फ्रान्सच्या सायनाइड स्टुडिओने २००९ पासून या खेळाचे संगणकावरचे अवतार काढले आहेत, आणि चाहत्यांनी चालवलेल्या फम्बल या संकेतस्थळावर पैसे न भरताही खेळता येतं. तेही नको असेल तर पुठ्ठ्याचे तुकडे कापा, त्यावर नावं लिहा आणि या दिवाळीच्या सुट्टीत ऑर्क विरुद्ध माणसं असा एक सामना मांडाच. १९८६ च्या पहिल्या खोक्यातले खेळाडूही पुठ्ठ्याचेच होते.