मुत्तत्ती : कावेरीच्या राजामाशाचे गाव

शहाजीराजांच्या जहागिरीपासून बेंगळुरूशी मराठी माणसाचे नाते आहे. आज नोकरी-व्यवसायामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रविवारी कुठे जावे, असा प्रश्न पडला की कावेरीकाठचे मुत्तत्ती हे एक छान उत्तर ठरते. कनकपुरा, सातनूर, हलगूर या मार्गाने सुमारे शंभर किलोमीटरवर हे छोटेसे गाव आहे. पहाटे निघाले तर अंधार पडायच्या आत सहज परतता येते.

सीतामाईची मोत्याची नथ येथे नदीत पडली आणि हनुमंताने शेपटीने डोह ढवळून ती काढून दिली, अशी कथा सांगतात. ‘मुत्तु’ म्हणजे मोती. म्हणून येथला मारुती ‘मुत्तुराय’. मंदिरात भाविकांची नेहमी वर्दळ असते. सभोवती १९८७ साली घोषित झालेले कावेरी वन्यजीव अभयारण्य आहे. नशीब असेल तर झाडांवर करड्या रंगाची मोठी खार दिसते.

पण या पट्ट्याचे नाव सातासमुद्रापार नेले ते महसीर माशाने. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५४ किलोंचा महसीर गळाला लावला होता! पुढे जवळच्या भीमेश्वरीला देशोदेशींचे हौशी लोक येऊ लागले. मासा पकडायचा, वजन करायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा त्यांचा रिवाज. पूर्वी चोरून मासेमारी करणाऱ्या काही गावकऱ्यांनाही त्यात वाटाड्याचे काम मिळाले. वन्यजीव कायद्यामुळे अभयारण्यातला हा खेळ नंतर बंद झाला.

या माशाच्या गोष्टीत महाराष्ट्रही आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने महसीरची पिल्ले वाढवण्याचे केंद्र उभारले. कमी होत चाललेला मासा वाचावा, हाच हेतू. तेथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली. ती होती निळसर परांच्या जातीची. ही जात १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्राला परिचित करून दिली होती. नवा पाहुणा कावेरीत चांगलाच रुजला. घरचा मालक मात्र दुर्मीळ होत गेला. पाठीवर कुबड असलेला, केशरी परांचा मूळ महसीर कावेरी खोऱ्याखेरीज जगात कोठेही नाही. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्यात वाटा आहेच.

आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहातले मासे देवीचे मानून गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. भक्तीने जे तेथे साधले, ते येथे जाणीवपूर्वक करावे लागेल.

सहलीला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : पाणी वरून शांत दिसले तरी आत भोवरे आहेत, मगरीही आहेत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. डबा घरून न्यावा आणि कचरा परत आणावा. नदी स्वच्छ राहिली, तरच डोहातला राजा राहील.