टी-३ खाली आला म्हणून झटका आला?

मामांच्या अँजिओप्लास्टीला दोन दिवस झाले होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर मामी फाईल उघडून बसल्या होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. टी-३चा आकडा ठळक छापलेला, शेजारी खाली तोंड केलेला बाण. "बघ, थायरॉईड निघालं. तरीच झटका आला!"

त्याच कागदावर दोन ओळी वर टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन होता, अगदी नॉर्मल. मामींची गाडी नेमकी उलट्या दिशेने धावत होती.

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. तो बराचसा साठ्यातला माल. प्रत्यक्ष काम करतो टी-३, आणि शरीरातला सुमारे 80 टक्के टी-३ ग्रंथीत तयारच होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-४मधला आयोडीनचा एक अणू काढून तो बनतो. हृदयाची धमनी बंद पडली, स्नायूचा तुकडा मेला, की सगळ्या शरीरात सूज आणि ताणाची रसायनं उसळतात. हे रूपांतर मंदावतं. टी-४मधला भलताच अणू निघून 'रिव्हर्स टी-३' नावाचा निकामी भाऊ जास्त तयार होतो. म्हणून झटक्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच टी-३ घसरतो, आणि ग्रंथी मात्र ठणठणीत असते. न्यूमोनियात, मोठ्या ऑपरेशननंतर, अगदी कडक उपासातही हेच होतं. डॉक्टर याला 'लो टी-३ सिंड्रोम' म्हणतात.

मग तो आकडा निरर्थक का? तसंही नाही. हृदयाचं नुकसान जितकं मोठं, तितका टी-३ साधारणपणे जास्त घसरतो. इटलीतल्या पिसाच्या संशोधकांनी 2003मध्ये दाखवलं की हृदयरुग्णांपैकी ज्यांचा टी-३ कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. झटका किती जबर होता, हे तो सांगतो. झटका कशामुळे आला, ते सांगत नाही.

इथून पुढचा गैरसमज जास्त महागात पडणारा आहे: आकडा कमी आहे ना, मग गोळी देऊन वर आणा. हा मोह डॉक्टरांनाही पडला होता. अमेरिकेत 1960च्या दशकात 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' सुरू झाला. आधी झटका येऊन गेलेले 8,341 पुरुष त्यात होते. काहींना कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनचंच एक रूप, दिलं. त्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले आणि ते औषध मुदतीआधीच थांबवावं लागलं. 1972मध्ये हे प्रसिद्ध झालं. जखमी हृदयाला वेगाने धावायला लावलं की त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो, आणि नेमका त्याचाच तुटवडा असतो.

अलीकडे ब्रिटनमध्ये जास्त सावध प्रयोग झाला. झटका येऊन गेलेले आणि थायरॉईड किंचित मंद असलेले 95 रुग्ण. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. 52 आठवड्यांनी एमआरआयवर हृदयाची पंपिंगची ताकद तपासली. दोन्ही गटांत फरक नव्हता. हे 2020 सालचं. टी-३ वापरून अजूनही छोटे प्रयोग चालतात, पण नेहमीच्या उपचारांत त्याला जागा मिळालेली नाही. म्हणून ग्रंथीच बिघडल्याची दाट शंका नसेल, तर आयसीयूतल्या रिपोर्टवर गोळी सुरू करत नाहीत. साधारण सहा आठवड्यांनी, माणूस घरी स्थिरावल्यावर, पुन्हा तपासतात.

याचा अर्थ थायरॉईडचा आणि झटक्याचा संबंधच नाही, असा मात्र नव्हे. ग्रंथी खरोखर मंदावली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली, तर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढतं, खालचा रक्तदाब चढतो, धमन्या कडक होतात. ती उलट जोरात असेल तर नाडी धावते, ठोके अनियमित होतात. हे काम सावकाश चालतं. त्याचा त्या दोन दिवसांतल्या बाणाशी संबंध नसतो.

"झटका आलाय, आता थायरॉईडची गोळी बंद करा," असं सांगणारे शेजारीही भेटतात. ज्यांची ग्रंथी मंद आहे, त्यांनी गोळी परस्पर बंद करू नये. डोस किती हे डॉक्टर ठरवतील. हृदयरुग्णाला नव्याने सुरू करताना ते बऱ्याचदा 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासूनच चढतात. चहाआधी, रिकाम्या पोटी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून चार तास लांब, हे नियम तसेच राहतात.

आणि एक गोष्ट, जी तपासणीच्या खोलीत क्वचितच कुणी विचारतं: केसांसाठी बायोटिन घेता का? शरीराची गरज दिवसाला 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि केसांच्या गोळीत पुष्कळदा 10 मिलिग्रॅम. रक्ततपासणीच्या काही पद्धतींत एवढ्या बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-३ खोटा जास्त दिसतो. झटक्याचं निदान ज्यावर होतं ते ट्रोपोनिनसुद्धा खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने 2017मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद त्यात होती. छातीत दुखतंय म्हणून धावताना औषधांची यादी सांगाल, तेव्हा ही गोळीही सांगा.