लॅपटॉप थेट विंडोजमध्येच उघडतोय? थांबा, फॉरमॅट मारू नका!

मागच्या महिन्यात पुलगावहून मामेभावाचा फोन आला. "दादा, माह्यं लिनक्स उडालं ना! लॅपटॉप डायरेक्ट विंडोजच उघडते." कॉलेजचा प्रोजेक्ट उबुंटूमध्ये होता आणि दोन दिवसांनी सबमिशन. दुकानदाराने सांगितलं होतं, "फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हटलं, "आधी घरी ये आणि कशालाच हात लावू नको." फोनवर बोलता बोलताच काम झालं. एकही फाईल गेली नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यानंतर तुम्हीही जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलं असेल, तर ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

नेमकं काय होतं?

पॉवर बटण दाबलं की आधी विंडोजही जागं होत नाही आणि लिनक्सही नाही. जागं होतं ते मदरबोर्डवरच्या चिपमधलं यूईएफआय, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. त्याच्याकडे एक यादी असते: आधी कोणाला उठवायचं, मग कोणाला. हीच बूट ऑर्डर. यादीतलं पहिलं नाव चाललं की ते पुढे बघतच नाही.

पूर्वी पुलगाव स्टेशनवरून आर्वीची छोटी गाडी सुटायची. समजा, एखाद्या दिवशी फलकावर तिचं नाव खाली गेलं. गाडी तर फलाटावर उभीच आहे ना! तुमचं लिनक्स तसंच डिस्कवर उभं असतं.

यादी बदलण्याची नेहमीची कारणं: विंडोजचं मोठं अपडेट, बायोस अपडेट किंवा बायोस सेटिंग रिसेट होणं. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा गोल सेल संपला तरी सेटिंग उडतात. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर आधी सेल बदला.

हात लावण्याआधी

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर बूट ऑर्डर किंवा सिक्युअर बूट बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह असते. मोबाइलवरून लॉगिन करा आणि आधीच लिहून ठेवा. की नसेल तर विंडोजमधला डेटा खरंच अडकतो.

आता दुरुस्ती

१. लावलेले पेनड्राइव्ह काढा. मग शटडाऊन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही.

२. स्क्रीन उजळताच बूट मेनूची की भराभर दाबा. डेल, लेनोवो, एसरमध्ये साधारण एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप. काही एसरमध्ये एफ१२ मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

३. यादीत 'उबुंटू' दिसलं तर निवडा. उघडलं? मग घोळ फक्त क्रमाचा आहे.

४. कायमचं ठीक करायला बायोस सेटअप उघडा: बहुतेकांत एफ२, एचपीमध्ये एफ१०. बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. 'बूट' विभागात 'उबुंटू'ला 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर न्या आणि सेव्ह करून बाहेर पडा.

मामेभावाचं काम इथेच झालं.

यादीत उबुंटूच नसेल तर?

तरी घाबरू नका. फक्त नोंद पुसली गेली असण्याची शक्यता जास्त. उबुंटूचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लावा, 'ट्राय उबुंटू' निवडा आणि सगळ्यात आधी आपल्या फाईली दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. मग 'बूट-रिपेअर' हे टूल चालवा. ते ग्रब, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर, पुन्हा बसवून देतं.

स्क्रीनवर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं आलं तर मात्र मामला वेगळा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट कॉम्प्युटरवर हाच मेसेज आला होता. तिथे क्रम बदलून उपयोग नाही. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्स पूर्ण अपडेट करायचं आणि ते परत चालू करायचं.

आणि हो, बायोसमधला 'यूईएफआय' मोड बदलून 'लेगसी' करू नका. त्याने चालू असलेलं विंडोजही बंद पडू शकतं.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. दुकानात लॅपटॉप दिलाच, तर आधी एवढंच विचारा: "भाऊ, बूट ऑर्डर बघितली का?"