कोकणातली कुलूपबंद घरं
२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही घटच. कारण जुनंच, पोटापाण्यासाठी मुंबई गाठणारा चाकरमानी. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे समतेचं यश मानू नये; यात स्थलांतराचा वाटा मोठा आहे.

घरांचं गणित निराळं. जनगणनेत एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. एकाच छपराखाली दोन भावांच्या चुली वेगळ्या, तर कुटुंबं दोन. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं घर ‘घर’ म्हणून मोजलं जातं, त्यातली माणसं मात्र मुंबईच्या आकड्यात. म्हणून वाडीचं नियोजन करताना ग्रामपंचायतींनी वर्षभर नांदती घरं वेगळी मोजावीत.