विमानकक्षातील दाबऱ्हास

विमानकक्षातील दाबऱ्हास : अतिउंचीवरून उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या बंद कक्षात कृत्रिम रीतीने राखलेला हवेचा दाब धोकादायक मर्यादेखाली उतरणे, या घटनेस दाबऱ्हास म्हणतात. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब सु. १,०१३ मिलिबार असतो, ११,००० मी. उंचीवर तो सु. २२७ मिलिबार भरतो. हवेतील ऑक्सिजनाचे शेकडा प्रमाण तेथेही तेवढेच असते. परंतु दाब अपुरा असल्याने तो फुप्फुसांतून रक्तात पुरेसा शिरू शकत नाही. त्यामुळे कक्षातील दाब सामान्यतः २,४४० मी. उंचीवरील दाबाहून (सु. ७५३ मिलिबार) कमी होऊ देत नाहीत.

दाबनियंत्रण : बहुतेक विमानांत झोत एंजिनाच्या संपीडकातील काही हवा काढून घेऊन, ती थंड करून कक्षात सतत सोडतात. काही नव्या विमानांत याकरिता विद्युत् संपीडक वापरतात. कक्षातून बाहेर जाणाऱ्या हवेचे प्रमाण निर्गम झडपेने कमीजास्त करून दाब राखला जातो. हे काम एरवी आपोआप चालते; मात्र आवश्यकता पडल्यास वैमानिकास झडप स्वतः चालविता येते. उड्डाणकाळात आतील व बाहेरील दाबांतील फरकामुळे विमानाच्या कवचाच्या दर चौ. मी. वर सु. ५.४ टन वजनाइतका भार येतो. पुरवठ्यात खंड, झडपेतील दोष, दाराजवळील गळती वा कवचास पडलेली भेग यांपैकी कोणत्याही कारणाने दाबऱ्हास होऊ शकतो.

शरीरावरील परिणाम : ऑक्सिजन कमी पडू लागल्यावर माणूस हेतुपूर्वक कृती करू शकतो, असा काल फार थोडा असतो. ७,६०० मी. उंचीवर तो तीन ते पाच मिनिटे, तर १०,७०० मी. उंचीवर अर्धे ते एक मिनिट असतो. दाब एकाएकी गेल्यास तो आणखी घटतो. ऑक्सिजनन्यूनतेचा पहिला आघात विचारशक्तीवर होतो. वेदना होत नाहीत. उलट पुष्कळदा सौम्य उल्हास वाटतो, हिशेब चुकतात, नखे व ओठ निळसर पडतात आणि आपले काही बिघडले आहे हेच त्या व्यक्तीस उमगत नाही. याखेरीज कान व नाकालगतच्या पोकळ्यांतील हवा प्रसरण पावल्याने तेथे दुखू लागते व क्वचित रक्तस्राव होतो.

प्रकार : आकस्मिक दाबऱ्हासात मोठा आवाज होतो, कक्षात धुके दाटते व गारठा पसरतो, त्यामुळे तो लपून राहत नाही. मंद दाबऱ्हासाची अशी खूण नसते. तो ओळखावयाचा ज्या मेंदूने, तोच आधी बधिर होतो. म्हणून मंद प्रकार अधिक फसवा ठरतो. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाचे सु. ५.५ मी. लांबीचे छप्पर ७,३०० मी. उंचीवर उडून गेले. उभी असलेली एक परिचारिका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. तथापि वैमानिकांनी विमान तत्काळ खाली आणून उतरविल्याने ९५ पैकी ९४ जण वाचले. याउलट १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या बोइंग ७३७ चे कवच शाबूत असताही त्यातील सर्व १२१ जण दगावले. दुरुस्तीच्या तपासणीत हातचालनावर ठेवलेला दाबनियंत्रकाचा खटका तसाच राहिला होता. चढताना भोंगा वाजला. परंतु उड्डाणपूर्व मांडणीतील चुकीसाठीही तोच भोंगा असल्याने वैमानिकांचा अर्थ चुकला. कारण शोधण्यात त्यांची शुद्ध हरपली. विमान स्वयंचलित नियंत्रणाखाली उडत राहिले आणि इंधन संपून ग्रीसमध्ये ग्रामॅटिकोजवळ कोसळले. पुढे या प्रकारच्या विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी निरनिराळे दिवे बसविण्यात आले.

उपाययोजना : कक्षातील दाब सु. ३,०५० मी. उंचीवरील दाबाइतका उतरला की, वैमानिकांना इशारा मिळतो. कारणाचा शोध न घेता दोघांनीही आधी ऑक्सिजनाचे मुखवटे चढवावयाचे, परस्परांशी संभाषण होत असल्याची खात्री करावयाची व मगच दाबनियंत्रण आणि झडप तपासावयाची, असा क्रम ठरलेला आहे. दाब आटोक्यात येत नसल्यास एंजिनांची शक्ती किमान करून व पंखांवरील रोधक उघडून विमान वेगाने सु. ३,०५० मी. पर्यंत खाली आणतात. यास सामान्यतः चार ते सात मिनिटे लागतात. कवचास इजा झाल्याचा संशय असल्यास वेग मर्यादित ठेवतात. हवाई वाहतूक नियंत्रकास कळवून ७७०० हा आणीबाणीचा संकेत प्रक्षेपित करतात. हिमालय वा तिबेटसारख्या उंच प्रदेशांवर इतके खाली येता येत नाही. म्हणून तेथील सुटकेचे मार्ग व ऑक्सिजनाचा साठा आधीच ठरवावा लागतो.

प्रवाशांचे मुखवटे कक्षातील दाब सु. ४,२७० मी. उंचीवरील दाबाइतका होताच खाली पडतात. मुखवटा ओढल्यावर सोडियम क्लोरेटापासून ऑक्सिजन निर्माण होऊ लागतो, तो सु. १२ मिनिटे वा थोडा अधिक काळ पुरतो. या क्रियेत उष्णता निघून जळका वास येतो, तसेच पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. त्यामुळे मुखवटा काढू नये. प्रथम स्वतःचा व नंतर मुलाचा मुखवटा बांधावा, या सूचनेचे कारण वर दिलेल्या कालमर्यादेत आहे : मुलास मदत करण्यात पालकाची अर्धी शुद्ध गेल्यास दोघेही असहाय होतात. श्वास रोखू नये व आसनपट्टा सोडू नये.

मुंबईहून जयपूरला निघालेल्या बोइंग ७३७ विमानात २० सप्टेंबर २०१८ रोजी एंजिनातून हवा घेण्याची कळ चालू करावयाची राहून गेली. चढतानाच मुखवटे खाली पडले. १६६ प्रवाशांपैकी सु. ३० जणांच्या नाकांतून वा कानांतून रक्त आले. विमान मुंबईस परत आणल्याने जीवितहानी टळली. या व लार्नाकाच्या घटनेत मूळ चूक जवळजवळ सारखीच, एका खटक्याची होती. भेद पडला तो वेळीच खाली येण्याने.