परत देण्यासाठी सांभाळलेले मूल

खानदेशात आखाजीला सालदाराचे वर्ष बदलते. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील जुन्या पिढीला आठवत असेल की, या सुमारास केवळ मोठ्या गड्यांचेच ठराव होत नसत. बाप गेलेला, घरी खाण्याची भ्रांत असलेला दहा-बारा वर्षांचा पोरगाही कोणाच्या तरी गोठ्यावर राही. दोन वेळची भाकर, अंगावर कपडा आणि राखायला गुरे! पुढे ‘आमच्याकडेच वाढला’ असे त्याच्याविषयी कौतुकाने सांगितले जाई. तो वाढला हे खरे. परंतु घरच्या मुलांच्या पंगतीला तो बसत होता काय, शाळेत जात होता काय, हे सहसा कोणी विचारले नाही.

निराधार मुलांसाठी प्रतिपालक कुटुंबे हवीत, असे आज म्हटले जाते तेव्हा हा जुना प्रश्न टाळता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमाने असे मूल रक्ताचे नाते नसलेल्या कुटुंबात ठेवण्याची सोय केली. जिल्ह्याची बाल कल्याण समिती तसा आदेश देते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीलाही, ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित, ही वाट मोकळी केली; एकट्या पुरुषाला मात्र मुलगा तेवढाच सांभाळता येतो.

अडचण कायद्याची नाही, समजुतीची आहे. परके मूल घरी आणणे म्हणजे दत्तक घेणे, एवढेच आपल्याला ठाऊक! दत्तकात मूल कायमचे आपले होते. प्रतिपालनात आईचे आजारपण सरले, बाप तुरुंगातून सुटला, विस्कटलेले घर सावरले, की मूल परत द्यावयाचे असते. लळा लावायचा आणि हात मोकळे ठेवायचे, हे सोपे नव्हे.

नात्यात मात्र हे काम इथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. दिवाळी आटोपली की खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे निघतात. मागे राहिलेली मुले आजीच्या पदराखाली असतात. ही आजी म्हणजे बिनपगारी प्रतिपालकच. पण तिचे वय थांबत नाही, आणि ती गेल्यावर दुसरे घर कोणते, याचे उत्तर गावापाशी नसते. मग बालगृहाची वाट धरावी लागते.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे दरमहा ४२५ रुपये दीर्घकाळ मिळत होते. पुढे ते १,१०० झाले आणि २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव योजनेला देताना २,२५० करण्यात आले. दिवसाला ७५ रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालक कुटुंबासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. दूध, वह्या, औषधपाणी यांचा हिशेब त्यात कसाबसा मांडता येईल. रात्री तापलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल या हिशेबात कोठेच नाही.

यावर हमखास आक्षेप येतो : पैसा दिला तर लोक पैशासाठीच मुले ठेवतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु पैसा नसतो तेव्हा काय होते, हे गोठ्यावरच्या त्या पोराने दाखवून दिले आहे. परक्या मुलाच्या पोटाचा खर्च कोणी तरी भरतोच. शासनाने भरला नाही, तर तो मुलाच्या कष्टांतून वसूल होतो. मुलगी असेल तर धुण्याभांड्यांतून, धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यातून.

म्हणूनच रक्कम महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणे हा केवळ कारभाराचा तपशील नव्हे. ती सहा-आठ महिने तुंबली, तर तेवढ्या काळात मुलाचे घरातले स्थान बदलून जाते. आणि पाहणीला जाणाऱ्या कार्यकर्त्याने ओसरीवर चहा घेऊन कागदावर सही करून निघावे, हेही चालणार नाही. पोर कोठे निजते, कोणाबरोबर जेवते, मार्च-एप्रिलमध्ये, गहू-हरभरा काढणीच्या दिवसांत, त्याची शाळेतली हजेरी किती होती, एवढे तरी त्याने पाहून यावे.